‘डुक्कर फियाट’चे पुनर्वसन

आमच्या खात्यात आज ‘फियाट’ म्हटले की नव्या पोरांना बोगी आठवते. त्यात त्यांचे काही चुकत नाही. २००० सालापासून जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आपल्याकडे आले आणि त्यांच्याखाली फियाट बोगी आली. पण चाळिशी ओलांडलेल्या, त्यातही मुंबई-पुणे-खानदेशाशी नाते असलेल्या वाचकांना फियाट म्हणजे मोटारच आठवणार. आणि साठी ओलांडलेल्यांना बहुधा तिचे मराठी नावही आठवेल. ‘डुक्कर फियाट’. पुढून फुगीर, बुटके नाक असलेली ही ११०० सीसीची गाडी मुंबईकरांनी पाहिली आणि एका शब्दात बारसे उरकून टाकले. कंपनीने नंतर तिच्या पुढच्या अवतारांना बरीच भारदस्त नावे दिली, पण हे नाव काही पुसले गेले नाही.

गेली अडीच वर्षे रविवारी सकाळी माझ्या क्वार्टरच्या मागून येणारी ठोकाठोक ज्या शेजाऱ्यांनी सहन केली, त्यांना त्या आवाजाचा हिशेब देणे मला भाग आहे. समितीनेही “गाडीवरच लिहा” असे सुचवले. तेव्हा हा लेख. मात्र गाडीची दुरुस्ती सांगण्याआधी ती या देशात आली कशी ते सांगायला हवे, कारण त्या कथेचा पहिला अध्याय रेल्वेच्या रुळांवरच आहे.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. घराणे गुजराती जैन व्यापाऱ्याचे, पण पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहिलेले. कापसाच्या आणि सावकारीच्या घरच्या धंद्यात या मुलाचे मन रमेना. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक त्यांना भेटले आणि ‘फाटक-वालचंद’ ही जोडी बार्शी लाइट रेल्वेची कामे घेऊ लागली. अरुंद रुळांची ती लहानशी लाइन. पण माती, खडी, मजूर आणि बिले यांचे शिक्षण वालचंदांना तिथे मिळाले. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांच्या कामातही त्यांच्या कंपनीचा हात होता. म्हणजे जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्हींचे स्वप्न पाहणारा हा माणूस मुळात आपल्यातला, रेल्वेचा कॉन्ट्रॅक्टर.

मोटारीचा कारखाना भारतात काढावा ही योजना १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखली होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेत जाऊन फोर्ड, क्रायस्लर यांची दारे ठोठावली. क्रायस्लर तयार झाली. इंग्रज सरकार मात्र तयार झाले नाही. दुसरे महायुद्ध चालू होते आणि मोटार उद्योग युद्धासाठी आवश्यक नाही, असे दिल्लीचे म्हणणे पडले. गंमत अशी, की मोटारीला परवानगी न मिळालेल्या या गृहस्थाने त्याच काळात, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला विमानाचा कारखाना उभा केला. आजच्या एचएएलचे मूळ तेच. मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघायला १९४४ साल उजाडले आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडायला १९४७.

सुरुवातीचा माल क्रायस्लरचाच, डॉज, डिसोटो, प्लिमथ. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. ‘जोडणे’ आणि ‘बनवणे’ यांतला फरक रेल्वेवाल्याला समजावून सांगायला नको. तो फरक सरकारने धोरणात आणला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि ज्यांच्याकडे देशात गाडी प्रत्यक्ष बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच टिकावे असे ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी त्या सुमारास आपली जोडणी बंद केली आणि त्या निघून गेल्या. प्रीमियरने एव्हाना इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता. फियाटने आपली नवी ११००, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘१०३’ क्रमांकाचा प्रकल्प, मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे ठेवली. पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिलला, वालचंद वारले. ज्या गाडीने त्यांचा कारखाना पुढची जवळजवळ पन्नास वर्षे चालवला, ती कुर्ल्यात तयार होताना त्यांना पाहायला मिळाली नाही.

१९५४ पासून ही गाडी कुर्ल्यातून निघू लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला वेगळी चासी नाही. जुन्या मोटारींत लोखंडी सांगाडा खाली आणि वर पेटीसारखी बॉडी असे. या गाडीत बॉडी हाच सांगाडा. आपल्या मंडळींना लगेच उलगडेल: ऑक्टोबर १९५५ मध्ये पेरांबूरला सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नावातला ‘इंटिग्रल’ हाच. स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीच्या रचनेचा तो डबा आणि तुरिनची ही मोटार एकाच विचाराची भावंडे आहेत. पत्रा पातळ ठेवायचा, पण छत, भिंती, फरशी सगळ्यांनी मिळून भार वाटून घ्यायचा. वजन वाचते, ताकद मिळते. किंमत एकच. एका सभासदाला गंज लागला की सगळ्या कुटुंबाचा तोल जातो.

आता आमच्या कुटुंबाकडे येतो.

आमची गाडी १९५८ सालची. आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, जळगावला वकिली करत. त्यांनी ती १९६१ मध्ये मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली. जुनी, कारण नवीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आजच्या पिढीला हे खरे वाटत नाही. पण त्या काळी पैसे मोजून झाले तरी गाडी हाती येत नसे. किंमतही सरकार ठरवून देई, आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाडीच्या आरसी पुस्तकावर ‘मुंबई राज्य’ असे आहे. म्हणजे आमची गाडी महाराष्ट्रापेक्षा वयाने मोठी.

तिचे चारही दरवाजे मधल्या खांबाला टांगलेले. मागचे नेहमीप्रमाणे उघडतात, पुढचे उलटे. लुगडे नेसलेल्या आजीला त्यातून चढणे-उतरणे सोपे जाई, अशी आत्याची साक्ष आहे; पण चालत्या गाडीत ते दार चुकून उघडले तर वाऱ्याने सताड होई, म्हणून पुढे बसणाऱ्या मुलाच्या कमरेला आजी पदर गुंडाळून धरी. सीट बेल्टचा हा खानदेशी अवतार. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली तेव्हा पुढची दारे सुलटी झाली. त्याच गाडीची नंतर ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास संपले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांतून तेव्हा बरेच गहिवरून लिहिले गेले. डुक्कर फियाट त्याआधी कितीतरी वर्षे गेली, तेव्हा कुणी दोन ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमची गाडी १९८६ पर्यंत चालली. तोवर डिसेंबर १९८३ ला आलेली मारुती जळगावच्या रस्त्यांवरही दिसू लागली होती. अण्णा थकले होते आणि वडिलांची नोकरी बाहेरगावी होती. गाडी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, आणि तिथेच राहिली. मी तिला चालताना पाहिल्याचे मला आठवत नाही. आम्हा भावंडांना ती खेळायची खोली होती. पुढे कडब्याच्या पेंढ्या ठेवायची जागा झाली.

२०२१ मध्ये शेतीची वाटणी निघाली. शेड पाडायची ठरली. काकांनी भंगारवाला बोलावला, त्याने किलोवर भाव लावला. काकांना मी दोष देत नाही. पस्तीस वर्षे जागा अडवून बसलेल्या लोखंडाचे दुसरे काय करायचे? एक चुलतभाऊ म्हणाला, “ठेवायचीच असेल तर आत डिझेल इंजिन टाक, एसी बसव, लग्नाला भाड्याने दे.” वडील काहीच बोलले नाहीत. ते त्या गाडीवर गाडी शिकले, १९६६ मध्ये, अण्णांच्या शेजारी बसून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब होत चालला आहे आणि डॉक्टरांनी वेळेची कल्पना दिली होती. मी भंगारवाल्याच्या भावात काकांचा वाटा चुकता केला आणि गाडी ट्रकवर घालून भोपाळला आणली.

त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांना वेगळे स्थान दिले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्याने नोंदवायची तर वीस हजार रुपये शुल्क आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी. पण आधीच नोंद असेल तर जुना क्रमांक कायम ठेवता येतो. रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत.

ही अट वाचली आणि भावाचे डिझेल इंजिन आपोआप निकालात निघाले. पण माझ्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. जिची बॉडी हाच सांगाडा आहे आणि बॉडीचा खालचा हात-दीड हात गंजून चाळणी झाला आहे, ती दुरुस्त करायची तर पत्रा बदलावा लागणार. किती बदलला म्हणजे ती गाडी मूळची राहत नाही? निशातपुऱ्याच्या आमच्या कोच पुनर्वसन कारखान्यात बारा-पंधरा वर्षे धावलेले डबे येतात. त्यांचा गंजलेला सोल बार कापून नवा बसवतो, तरी डब्याचा नंबर तोच राहतो आणि कुणी हरकत घेत नाही. माझे मत असे, की त्याच मापाचा, त्याच आकाराचा पत्रा त्याच जागी बसवणे ही दुरुस्ती. आकार किंवा रचना बदलली तर तो फेरफार. पण तपासणाऱ्या समितीपुढे मत चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा तारीख घालून एका ट्रंकेत ठेवला, आणि कापण्यापूर्वी, कापल्यावर व जोडल्यावर असे तीन फोटो. वहीत आज ६४ नोंदी आहेत. (कारखान्यातला एक वॉशरसुद्धा या कामाला लागलेला नाही, हे व्हिजिलन्सच्या माहितीसाठी.)

कामाचे गुरू जुन्या भोपाळातले एक चाचा. सत्तरी पार केलेले डेंटर. त्यांनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडून आत पाहिले आणि म्हणाले, “को खाँ, इसमें गाड़ी कित्ती है और चूहे कित्ते?” वायरिंगचे कापडी वेष्टन उंदरांनी फस्त केले होते, सीटच्या आत तीन पिढ्यांचा संसार होता. वाहनात वाहन! बाप्पांच्या उत्सवाच्या स्मरणिकेत याहून अधिक तक्रार करत नाही.

आपल्या डब्यांना गंज कुठे लागतो? शौचालयाखाली आणि दारापाशी, जिथे पाणी साठते. मोटारीतही तेच. दारांखालच्या पोकळ सिलला पाणी निघून जायला बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की सिल आतून कुजते आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. हातोडीने वाजवत गेले की कळते: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द बोलतो. आमच्या गाडीवर पूर्वी कुण्या कारागिराने सिलच्या भोकांत पोते कोंबून वर पुट्टीचा जाड थर दिला होता. पोत्याने पाणी धरून ठेवले आणि गंजाला दाणापाणी मिळत राहिले.

सगळ्यांत नाजूक जागा मधल्या खांबाचा पाय. चारही दारांचे वजन तिथे येते. सिल कापण्यापूर्वी बॉडी ट्रेसलवर समपातळीत घेतली आणि दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी नळ्या तिरप्या वेल्ड करून जखडल्या. असे न केल्यास सिल कापताच बॉडी मध्यभागी बसते, आणि नवी सिल लावल्यावर गाडी कायमची वाकडी होते. मग दारे जन्मात नीट लागत नाहीत. वेल्डिंगही सलग नाही, इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मधे हात लावता येईल इतके थंड होऊ द्यायचे. पातळ पत्रा उष्णतेने लगेच पापडासारखा वाकतो. खांबाच्या एका पायाला चार रविवार लागले. शेवटी पुढचे डावे दार बसवले, बोटाने ढकलले आणि ते ‘खट्’ करून लागले तेव्हा चाचांनी विडी पेटवली. त्यांच्याकडून एवढेच प्रशस्तिपत्र मिळते.

गंजलेले छोटे भाग मळीत बुडवले. साखर कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग. दोन-तीन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगल्या धातूला फारसे काही होत नाही. वास मात्र असा येतो, की त्या महिन्यात आमच्याकडे पाहुणे आले नाहीत.

इंजिन जाम होते. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि गिअरचे पातळ तेल मिसळून ओतले, रोज थोडे, आणि हँडलला रोज हलकासा जोर. झटका द्यायचा नाही, नाहीतर रिंगा तुटतात. एकोणिसाव्या दिवशी इंजिन बोटभर फिरले. ब्लॉकच्या पाण्याच्या जॅकेटला बाहेरून वीतभर तडा निघाला. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात पद्मिनीचे इंजिन मिळत होते आणि ते जवळजवळ जसेच्या तसे बसलेही असते. पण आरसीवरचा इंजिन नंबर या ब्लॉकवर कोरलेला आहे. बीड उष्णतेने वेल्ड करायला अवघड. म्हणून गोविंदपुऱ्यातल्या एका लेथवाल्याकडून तड्यावर एकाला एक लागून भोके पाडून, आटे काढून, धातूचे प्लग बसवून तो थंड पद्धतीने शिवून घेतला. अजून थेंब गळलेला नाही.

सुट्या भागांची शोधयात्रा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात तीन खेपा झाल्या. ज्या उपनगरात ही गाडी बनली, तिथेच तिचे मागचे दोन दिवे भंगारात मिळाले. एक गोष्ट मात्र नोंदवतो. गाडी पूर्ण सुटी केल्यावर तिच्यात दोन देश सापडले. काही भागांवर इटलीचा फियाटचा शिक्का, काहींवर देशी शिक्के. शेजारी शेजारी, एकाच बोल्टने आवळलेले. हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला, त्या मधल्या वर्षांतली ही गाडी. इटालियन भाग चांगले आणि देशी वाईट असे मला दिसले नाही. देशी ब्रेक ड्रम अजून मापात आहेत. रबर मात्र दोन्ही देशांचे मेले होते, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे पेट्रोलच्या नळ्या त्याला टिकणाऱ्याच घातल्या. मूळ रूपाच्या नियमातून एवढी सवलत मी स्वतःलाच दिली आहे.

यंदा चैत्रात गाडी सुरू झाली. वडिलांना जळगावहून बोलावले. त्यांना आता मधोमध दिसत नाही, कडेचे धूसर दिसते. त्यांनी गाडीभोवती हात फिरवत एक फेरी मारली. नव्या सिलवर हात थांबला नाही, म्हणजे सांधा लागला नाही. चालवायला मी बसलो, ते शेजारी. कॉलनीच्या मैदानाला दोन फेऱ्या झाल्यावर ते म्हणाले, “दुसऱ्यावर टाकताना क्लच थोडा आणखी दाब. हिला तसंच लागतं.” तसा दाबला. गिअर विनातक्रार पडला. एकोणचाळीस वर्षे ते त्या गाडीत बसले नव्हते.

नोंदणीची फाइल सादर झाली आहे, ट्रंकेसह. उत्सवात गाडी मंडपाच्या उजव्या बाजूला उभी असेल. मुलांना आत बसू द्यावे, फक्त पुढची दारे वडीलधाऱ्यांनी उघडावीत. अजून एक वस्तू मिळालेली नाही: मागच्या डाव्या दाराच्या काचेचे बाहेरचे रबर, १९५८ च्या मॉडेलचे. कुणाच्या गावी, कुणाच्या शेडमध्ये असलीच एखादी डुक्कर फियाट पडून असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला जरूर कळवावे.